हिरव्या शाईतलं 'छापावे'

बारामती
सोमवार, १३ जानेवारी २०२५

शाहिद,

वर 'चि.' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि खाली अंगठा. परवा मी लिहिलं, 'अब्बा कालपासून जेवले नाहीत', त्यावरही अंगठा. कशाला दाखवलास तो? छान झालं म्हणून? आता कागदावरच लिहिते. पुण्याला, तुझ्या नव्या नोकरीच्या खराडीच्या पत्त्यावर कुरिअर करतेय. तो माणूस सही घेतल्याशिवाय पाकीट देणार नाही. सह्या करण्यात तू पटाईत आहेस, हे मला कळलंय.

आज सकाळी तुझा ड्रॉवर साफ करायला काढला. मागं, पेन ड्राइव्हच्या डबीखाली, एक रबरी शिक्का मिळाला. पॅडवर दाबून रद्दी कागदावर उठवून बघितला. हिरव्या शाईत अक्षरं आली, 'छापावे', आणि खाली अब्बांची सही, शेवटच्या शेपटीसकट. सहीतल्या 'चाँ'वरचा ठिपका ते जरा उजवीकडं देतात, तोसुद्धा जागच्या जागी. कारागिरी उत्तम आहे. अरे, लाज कशी वाटली नाही तुला?

आपल्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षं एकच रीत. गिऱ्हाइकानं लिहून दिलेला कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं म्हणत. दुसऱ्यानं प्रूफवर पट्टी सरकवत बघायचं. दोघांचं जुळलं की अब्बा हिरव्या पेनानं खाली 'छापावे' लिहिणार, सही करणार, आणि मगच मशिन सुरू होणार. लेटरहेड असो की बिलबुक. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितेय. तुला एकदा ते वाचायला लावायचं आहे.

आणि मागच्या सोमवारी तू नुसता फोनवर होतास, त्यामुळे तुला काय दिसलं नाही तेही सांगते.

भवानीनगरचे जनावरांचे डॉक्टर रविराज दुपारी आले. हातात आपण छापलेलं त्यांचं कॅलेंडर. आरडाओरडा नाही, काही नाही. ते अब्बांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चाचा, नंबर बघा." दोन हजार कॅलेंडरं, आणि प्रत्येकावर गेल्या वर्षीचा नंबर. तो नंबर त्यांनी जूनमध्येच बंद केला होता. ऑर्डरच्या कागदावर नवा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तू मागच्या वर्षीची फाइल उघडलीस, तारखा बदलल्यास, गाईचा फोटो बदललास, झालं तुझं काम. कंपनीनं तो जुना नंबर मोरगावच्या मुक्ताबाई नावाच्या म्हातारीला दिलेला.

डॉक्टरांच्या मागं पिंपळीचे दत्तोबा उभे होते. त्यांची गाय भल्या सकाळी अडली. गोठ्यात कॅलेंडर टांगलेलं, त्यावरचा नंबर लावला. म्हातारी म्हणाली, मी शेळ्या राखते, मला काय विचारता. त्यांना वाटलं आपलीच बोटं चुकली, म्हणून चारदा लावला. मग मोटारसायकल काढून भवानीनगर गाठलं. डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत गाय गेली. कालवड जगली, ती बाटलीवर आहे.

दत्तोबा अब्बांना एवढंच म्हणाले, "चाचा, तुमी छापल्यालं हाय म्हनल्यावर म्या शंका घेतलीच न्हाय. माझाच हात चुकला वाटलं."

तेव्हा मी तुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तू काय म्हणालास? "प्रूफवर अब्बांची सही आहे ना? मग मला कशाला विचारता? त्यांची नजर गेलीय हे मी दिवाळीपासून सांगतोय."

अब्बांनी फाइलमधून प्रूफ काढलं. खाली स्वतःचं हिरवं 'छापावे' बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत बघितलं. मग दत्तोबांना म्हणाले, "माझीच सही हाय."

उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस. पण स्वतःच्या सहीखाली तारीख नाही, हे त्यांना दिसलं नाही. ते दर वेळी तारीख घालतात, दर वेळी. शरमेनं माणूस नीट बघतच नाही.

ये आणि त्यांना सांग. एवढंच मागते आहे.

सबिना


बारामती
शनिवार, १८ जानेवारी

शाहिद,

पाकीट मिळाल्याची पावती आली. तू आला नाहीस.

गुरुवारी अब्बांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मला वाटलं होतं, डॉक्टर काहीतरी सांगतील, थोडा नंबर वाढलाय, नवा चष्मा करा, तेवढ्यानं त्यांच्या जिवाला थंडावा मिळेल. डॉक्टरांनी सगळ्या ओळी वाचून घेतल्या. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा अब्बांनी घडाघडा वाचली आणि वर सांगितलं, तक्त्यावर तिसऱ्या ओळीत छपाईची शाई फुटलीय. डॉक्टर हसून म्हणाले, "चाचा, मोतीबिंदू काढल्यापासून तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

मी खूश झाले. अशी मूर्ख मी! बाहेर रिक्षात बसल्यावर अब्बा म्हणाले, "डोळं चांगलं हायत. मंजी डोकं गेलं."

ऐकलंस? त्यांचं म्हणणं असं, की प्रूफ वाचल्याचं त्यांना अजिबात आठवत नाही. कोण मोठ्यानं वाचत होतं, कुठल्या दिवशी, काहीच नाही. आणि सही तर त्यांचीच आहे. मग डोकंच गेलं, दुसरं काय! आता ते छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवतात, 'नाश्ता झाला', 'गोळी घेतली', 'गॅस बंद'. अम्मीला दिवसातून तीनदा विचारतात, मी हे मघाशी बोललो होतो का. अम्मी पदराआड रडते आणि माझ्यावर चिडते.

दुकानांच्या पाट्या वाचत जाणारा माणूस तो. तुला आठवतं, इंदापूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी चहा थंड होईपर्यंत पाटी दुरुस्त करायला लावली होती? 'आपुन तितं नसतो, कागद असतो. त्यानं आपल्या वतीनं खोटं बोलू नये,' हे वाक्य तर आपण दोघं त्यांची नक्कल करून म्हणायचो. भांडी दुकानाचं कोटेशन असलं तरी त्यांना एक शब्द वेडावाकडा चालायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा, चालतंय. ते म्हणायचे, "तुला चालतंय. वाचनाऱ्याला का चालावं?" परवा दवाखान्यातून ते मान खाली घालून घरी आले. एक पाटी वाचली नाही.

बरोबर नंबराचे स्टिकर मी छापून घेतले. मशिन सुरू करायच्या आधी ते अब्बांसमोर धरले. दहा आकडे, शाहिद. दहा! त्यांनी सहा वेळा वाचले, आणि मग चहा द्यायला आलेल्या माणसाला म्हणाले, "बाबा, एवढं वाचून सांग की मला बरुबर हाय का." हिरवं पेन त्यांनी उचललंच नाही. मला म्हणाले, तूच लिही खाली.

स्टिकर चिकटवत मी रोज गावं फिरतेय. तिकडं तू एसीत बसून डिझाइनं कर.

मोरगावलाही एसटीनं जाऊन आले, मुक्ताबाईंची माफी मागायला. मला वाटलं, चपलेनं मारतील. बाई दारात शेळीला पाला घालत होत्या, फोन कानाला. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "बस. कितवा म्हईना तुज्या गाईला?" मी सांगितलं कोण आहे ते. त्यांनी मला गूळ-पाणी दिलं. रोज पंधरा-वीस फोन येतात. बाईंना अक्षर येत नाही, पण डॉक्टरांचा नवा नंबर त्यांनी नातीकडून ऐकून तोंडपाठ केलाय, आणि येईल त्याला म्हणून दाखवतात. "सवताचा नंबर ईत न्हाय मला, डाक्टरचा येतोय," म्हणाल्या. मी विचारलं, त्रास होत असेल. तर म्हणाल्या, "व्हतूय की. पर त्या पिंपळीच्या मानसाचा फोन आला तवा मला नंबर ठावं नव्हता. म्हनून मंग पाठ क्येला."

ज्या बाईचा काडीचा संबंध नाही, तिनं ही चूक निस्तरली. आणि तू अंगठे दाखवतोस.

सबिना


बारामती
गुरुवार, २३ जानेवारी

शाहिद,

तुझा मेसेज आला. शेवटी अंगठ्याला बाकीची चार बोटं फुटली म्हणायची. पहिल्या दोन ओळींतच पाच चुका होत्या. मी त्या एका कागदावर उतरवून दुरुस्तही केल्या, आणि मग माझाच मला राग आला.

तू लिहितोस, आजकाल सगळीकडं असंच चालतं, गिऱ्हाइकाचा 'ओके' आला की छापायचं. लिहितोस, डिसेंबरमध्ये एका दिवसात सात-सात कॅलेंडरं निघत होती, आणि अब्बा एकेका कागदाला दोन-दोन तास लावत होते, गिऱ्हाइकं फ्लेक्सवाल्याकडं पळत होती, तेव्हा प्रेस तू टिकवलीस. हे खरं आहे. मी नाकारत नाही. मग तेव्हा त्यांच्या तोंडावर सांगायचं होतंस, अब्बा, आजपासून तुमची सही नको. भांडला असतास, घर डोक्यावर घेतलं असतंस तरी चाललं असतं. तुला त्यांची रीत नको होती, पण त्यांची सही हवी होती. कारण बारामती-इंदापुरात ती सही बघून लोक डोळे मिटून काम देतात.

आणि शेवटचं वाक्य. 'आपा तू नाकाने कांदे सोलू नकोस, शिक्का तूपण वापरला आहेस.'

हो. वापरला आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तो शिक्का मला आज मिळाला. खोटं होतं. तो कुठं असतो ते मला दीड वर्षापासून माहीत आहे. तू पहिल्यांदा उठवून दाखवलास तेव्हा मी हसले होते. 'हुबेहूब रे!' म्हणाले होते. नंतर तीनदा वापरला, एकदा त्या लोणच्याच्या लेबलांना, दोनदा पावती पुस्तकांना. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्या तिन्हीत चूक निघाली नाही. निघाली नाही, म्हणून मी स्वतःला कधी काही विचारलं नाही.

आणि डॉक्टर आले त्या दिवशी, अब्बा 'माझीच सही हाय' म्हणाले तेव्हा, सहीखाली तारीख नाही हे मला त्याच क्षणी दिसलं. मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. तुला फोन लावला, कारण मला वाटलं तू बोलशील आणि मला बोलावं लागणार नाही. तुझ्यावर एवढी भडकले त्यातला अर्धा राग माझ्यावरचा आहे. पण अर्धाच. उरलेला तुझाच आहे, तो तुला सोडणार नाही.

आता नीट वाच. डॉक्टर रविराजांनी मागितलंय की आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकात जाहीर खुलासा द्यावा, लोकांना नवा नंबर कळावा म्हणून. त्यांचं मागणं तेवढंच आहे. पण अब्बांनी स्वतःच्या हातानं जो मजकूर लिहिलाय तो असा:

'डॉ. रविराज यांच्या दिनदर्शिकेवर जुना दूरध्वनी क्रमांक छापला गेला. ही चूक सर्वस्वी माझी आहे. माझी स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. यापुढे मी कोणताही मजकूर तपासणार नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी मला माफ करावे.'

एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. डोकं गेलेल्या माणसाचा मजकूर आहे म्हणे हा!

एक फेब्रुवारीच्या अंकात तो येणार. मजकूर त्या आधीच्या गुरुवारी, तीस तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा. एकदा छापून आलं की सगळा तालुका त्यांना तसंच बघणार. आणि ते स्वतःही.

रविवारपर्यंत वाट बघते. ये. दोघं मिळून सांगू. तू एकटा सांग असं आता म्हणत नाही, दोघं म्हणते. रविवारी आला नाहीस तर सोमवारी मी एकटी सांगणार, आणि तुझं नाव घेणार.

आपा


बारामती
मंगळवार, २८ जानेवारी

शाहिद,

रविवारी शेवटची गाडी येईपर्यंत अम्मीनं तुझं ताट झाकून ठेवलं होतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनं आपलं आपणच ठेवलं.

काल दुपारी सांगितलं.

शिक्का टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "अब्बा, ते प्रूफ तुम्ही वाचलंच नव्हतं. तुम्हाला आठवत नाही, कारण आठवायला काही घडलंच नाही."

त्यांनी शिक्का उचलून उलटा केला. छपाईचे खिळे जुळवत मोठे झाले ते, उलटी अक्षरं त्यांना सुलटीसारखी दिसतात. मग विचारलं, "कुनी?"

"शाहिदनं केला. कॅलेंडरावर त्यानंच मारला. मी दुसऱ्या कामांना मारलाय. तीनदा."

"तवा म्या कुठं हुतो?"

"नमाजला."

मला वाटलं होतं ओरडतील. मुस्काटात मारतील, असंही वाटलं होतं. मारायला हवी होती. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "सबिना, तीन आठवडं झालं बग. रोज सकाळी उठल्यावर म्या तुमची दोगांची नावं म्हनून बघतोय. सबिना, शाहिद. सबिना, शाहिद. इसारलो तर न्हाय म्हनून."

मी त्यांच्या पायाशी बसले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मला वाटलं, एवढं जोवर येतंय तोवर काय भ्या न्हाय," म्हणाले. "येडं व्हनंच बरं हुतं गं."

अम्मी दारात उभी होती. आत आली, माझ्या दंडाला धरून उठवलं आणि बाहेर काढलं. 'त्यांना जरा एकटं ऱ्हाऊ दे' म्हणाली. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

आज पहाटे अब्बांनी स्वतःचा खुलासा फाडला. नवा मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. तो असा:

'डॉ. रविराज यांच्या दिनदर्शिकेवर जुना दूरध्वनी क्रमांक छापला गेला. मूळ कागदाशी ताडून न पाहता आम्ही ती छापली, आणि आमच्या वडिलांच्या सहीचा शिक्का करून तो तिच्या प्रुफावर मारला. वडिलांनी तो मजकूर पाहिलेला नव्हता. पिंपळीच्या दत्तोबांची गाय आमच्यामुळे गेली.'

पुढं डॉक्टरांचा नंबर. तो त्यांनी एकदाच वाचला. मी म्हटलं, अब्बा, खाली प्रेसचं नाव घालू आणि तुमची सही. तर म्हणाले, "माजी कशाला? म्या न्हाय केलं. ज्येनी केलं त्येंच्या दोगांच्या सह्या घ्या." मी म्हटलं, यानं प्रेस बसेल, पस्तीस वर्षांचं नाव जाईल. ते म्हणाले, "नाव कवाच गेलंय. आता खरं तरी छापा."

दुपारी पिंपळीला गेले. एकटीच. दत्तोबा कालवडीला बाटलीनं दूध पाजत होते. मी सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. त्यांनी बाटली संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाले, "मंजी चाचा चुकलं न्हाइत तर." आणि उठून वैरण टाकायला गेले. मला बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ उभी राहिले आणि आले.

मजकुराखाली मी माझी सही केली आहे, तारखेसह. शेजारी तुझं नाव टाइप केलंय आणि वर जागा सोडलीय. अब्बांनी ती जागा बघितली. एवढंच विचारलं, खराडीहून बारामतीला यायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, तीन तास.

शाहिद, तुझी सही मला येते. तुझे जुने चेक आहेत, आधार कार्डाची प्रत आहे. शिक्का करायचं मशिन अजून तिथंच आहे, पंधरा मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही. मी ते करणार नाही.

गुरुवारी पाच वाजता कागद साप्ताहिकाकडं जाईल. तू आलास तर तुझ्या सहीनं, नाही आलास तर तुझ्या नावावरची जागा तशीच रिकामी ठेवून.

सबिना